आगुंब्याला जायचंय? मग निदान तीन रात्री राहा

उडुपीहून सकाळी गाडी करायची, आगुंबे घाटात फोटो काढायचे, एखादा धबधबा बघायचा, दुपारी शृंगेरी उरकायची आणि रात्री पुन्हा उडुपी. आगुंब्याला जाणाऱ्या बहुतेकांचा बेत असाच असतो. त्यात गावात मिळतो जेमतेम तासभर, तोही चहा पिण्यात जातो. एवढ्या लांबून जाऊन असं परत येऊ नये असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे सविस्तर लिहिलं आहे.

आगुंबे कर्नाटकातल्या शिवमोग्गा जिल्ह्यात, तीर्थहळ्ळी तालुक्यात येतं. पश्चिम घाटाच्या अगदी काठावर, साधारण साडेसहाशे मीटर उंचीवर. एक मुख्य रस्ता, त्याच्या दोन्ही बाजूंना उतरत्या कौलांची जुनी घरं, बसथांबा, दोन-चार खानावळी, वनखात्याची कचेरी. घरांच्या परसामागे लगेच जंगल. वर्षाला सरासरी साडेसात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. ऑगस्ट १९४६ या एकाच महिन्यात इथे ४,५०८ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता, म्हणजे मुंबईत अख्ख्या पावसाळ्यात पडतो त्याच्या जवळपास दुप्पट. आंबोलीचा जुलै अंगावर घेतलेल्यांना थोडी कल्पना येईल. इथले कार्यक्रम पाऊसच ठरवतो. म्हणून 'पॉइंट'ची यादी करण्याआधी महिना ठरवा.

कोणत्या महिन्यात जायचं

जून ते सप्टेंबर हा खरा आगुंब्याचा मोसम. पण या काळात जाणाऱ्याने आधीच मनाशी धरावं की लांबचं काही दिसणार नाही. धुकं, पाऊस, पुन्हा धुकं. सूर्यास्त नाही, दऱ्यांचे देखावे नाहीत, आणि जंगलातल्या धबधब्यांच्या वाटा वनखातं बहुतेक बंद ठेवतं. त्या बदल्यात बेडूक, बुरशी, नेचे, ओढे आणि कौलांवर रात्रभर वाजणारा पाऊस मिळतो. ज्यांना हे पुरेसं वाटतं त्यांनी बेलाशक जावं. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर मात्र जुलै-ऑगस्ट टाळा. दरडी कोसळल्या की घाट बंद होतो आणि वीज तासन् तास जाते.

पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी ऑक्टोबरचा शेवट ते डिसेंबरचा मध्य सुचवेन. ओढ्यांना पाणी असतं, जळवा कमी होतात, हवा धुतल्यासारखी स्वच्छ असते. शिवाय याच सुमारास सुपारीची कापणी सुरू होते. ती बघण्यासारखी असते, त्याबद्दल पुढे येईलच.

जानेवारी ते मे जंगल तुलनेने कोरडं असतं. पक्षी बघायला काळ चांगला, पण डिसेंबरपासून मेपर्यंत गोचिडांतून पसरणाऱ्या माकडतापाचा धोका असतो. तोही भाग पुढे नीट वाचा.

पोचायचं कसं

महाराष्ट्रातून सगळ्यात सोयीची वाट कोकण रेल्वेची. मुंबईहून मत्स्यगंधा एक्सप्रेस दुपारी निघते आणि दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे उडुपीला उतरवते. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या सावकाश धावतात, तेव्हा तिकीट काढताना त्या काळातली वेळ बघून घ्या. उडुपीचं स्टेशन गावाबाहेर इंद्राळीला आहे. तिथून रिक्षाने बसस्टँड गाठायचा, आंघोळ आणि नाश्ता उरकायचा आणि तीर्थहळ्ळी-शिवमोग्गाकडे जाणारी बस धरायची. आगुंबे साधारण ५५ किलोमीटरवर आहे. मणिपाल, हिरियडका, हेब्री, सोमेश्वर अशी गावं लागतात आणि सोमेश्वरनंतर घाट सुरू होतो.

या घाटाला १४ हेअरपिन वळणं आहेत आणि ती फार अरुंद आहेत. अवजड वाहनांना इथे बंदी असल्यामुळे बसही छोट्या, मिनीबसच असतात. मोठी बॅग ठेवायला जागा मिळेलच असं नाही, म्हणून पाठीवरची सॅक बरी. किनारपट्टीच्या बाजूला खासगी बस जास्त, घाटावर सरकारी बसही मिळतात. कर्नाटकच्या सरकारी बसमध्ये महिलांना असलेला मोफत प्रवास त्या राज्याच्या रहिवाशांपुरता आहे. आपल्याकडच्या महिलांना तिकीट काढावं लागतं.

स्वतःची गाडी असेल तर पुण्या-कोल्हापूरहून बेळगावी, हुब्बळ्ळी, शिवमोग्गा, तीर्थहळ्ळी हा रस्ता चांगला. पण पुण्याहून एका दमात जाऊ नका, वाटेत हुब्बळ्ळी किंवा शिवमोग्ग्याला मुक्काम करा. शिवमोग्ग्यापासून पुढे झाडी वाढत जाते आणि अंधारात तो सगळा प्रवास वाया जातो. गाडी चालवून घाट उतरणार असाल तर दुसऱ्या गिअरच्या वर जाऊ नका आणि वळणावर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. पावसाळ्यात निघण्याच्या आदल्या दिवशी घरमालकाला फोन करून घाट चालू आहे का ते विचारा. बंद असेल तर कुंदापुराकडून होसंगडीमार्गे बाळेबरे घाट चढून तीर्थहळ्ळीला येता येतं. वेळ जास्त लागतो, पण अडकून पडायला होत नाही.

राहण्याची जागा

गावात साधी लॉज आहेत आणि आसपासच्या वाड्यांमध्ये होमस्टे आहेत. मी होमस्टेच निवडायला सांगेन, तेही सुपारीच्या बागेतलं जुनं घर. फोनवर बोलताना पुढच्या गोष्टी विचारून घ्या: मुख्य रस्त्यापासून घर किती आत आहे आणि शेवटचा टप्पा तुमच्या गाडीने होईल का, तीन वेळचं जेवण धरून दर किती, गरम पाणी कशावर, वीज गेल्यावर काय सोय, आणि कोणत्या कंपनीच्या मोबाइलला रेंज येते. पैसे रोख ठेवा. रेंज नसली की फोनवरून पैसे पाठवता येत नाहीत, आणि मग यजमानांनाच संकोच वाटतो.

बहुतेक घरं शाकाहारी आहेत. बाहेरून मांसाहार किंवा दारू घेऊन जायची नाही. चालेल का असं विचारायचंही नाही. चपला पडवीबाहेर काढा. स्वयंपाकघरात बोलावलं तरच जा. घरातल्या वयस्कर बाईंना अज्जी किंवा अम्मा, मधल्या वयाच्या बाईंना अक्का आणि पुरुषांना अण्णा म्हटलं की पुढचं बोलणं सोपं होतं. तरुणांना हिंदी समजतं, म्हाताऱ्या माणसांना फारसं नाही. गावात आणि घाटाखाली कोकणी बोलणारी कुटुंबं आहेत, तेव्हा मालवणी किंवा गोव्याकडची कोकणी येणाऱ्यांचं थोडंफार जमून जातं. बाकीच्यांनी चार शब्द शिकून जावेत: एष्टु म्हणजे किती, बिसि नीरु म्हणजे गरम पाणी, मळे म्हणजे पाऊस, आणि ताटात वाढणं थांबवायचं असेल तर साकु. हा शेवटचा शब्द सगळ्यात जास्त लागतो.

सामान

छत्री फक्त गावातल्या रस्त्यावर कामाची, जंगलात ती फांद्यांत अडकते. सॅकसकट अंगावर येणारा पोंचो घ्या. जीन्स घरी ठेवा, ती एकदा भिजली की तिथे असेपर्यंत वाळत नाही. पटकन सुकणाऱ्या पातळ पँट, पूर्ण बाह्यांचे शर्ट, आणि वाटतात त्याच्या दुप्पट मोजे. बुटांपेक्षा गावातल्या बाजारात मिळणारे रबरी गमबूट पावसाळ्यात जास्त उपयोगी पडतात, पण ते ओल्या जांभ्यावर आणि शेवाळलेल्या दगडांवर घसरतात, तेव्हा पाय जपून टाका. ते नको असतील तर खोलवर खाचा असलेले कापडी ट्रेकिंग बूट न्या. चामड्याच्या बुटांना दोन दिवसांत बुरशी येते.

टॉर्च प्रत्येकाचा वेगळा हवा. कॅमेरा आणि फोन झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. कपडे वाळवायचे असतील तर यजमानांना विचारा. जुन्या घरांत न्हाणीघरात तांब्याच्या हंड्याखाली लाकडं जळत असतात आणि त्याच्या वरच्या दोरीवर घरातलेही कपडे वाळत असतात. तिथे जागा मिळाली की सकाळी मोजे कोरडे मिळतात, फक्त त्यांना धुराचा वास येतो.

जळवा, गोचीड आणि साप

भीती सगळ्यांना सापांची असते. प्रत्यक्षात रोज गाठ पडते ती जळवांशी, आणि खरी काळजी घ्यायची ती गोचिडांची.

जळू झाडावरून अंगावर उडी मारत नाही. ती पालापाचोळ्यात असते. तुमच्या पावलांचा हादरा, अंगाची ऊब आणि श्वास तिला कळतो. मग मागचं टोक पानाला धरून ती उभी राहते, पुढचं टोक हवेत फिरवत चाचपते आणि बुटाला लागली की पुढचं-मागचं टोक आळीपाळीने टेकवत वर चढते. मोज्याची वीण सैल असेल तर त्यातून आत शिरते. म्हणून घट्ट विणीचे, गुडघ्यापर्यंतचे जळवांसाठीचे मोजे आधीच घेऊन ठेवा आणि पँट त्यांच्यात खोचा. मोज्यांना बाहेरून मिठाचं दाट पाणी किंवा तंबाखूची पूड चोळण्याची पद्धत गावात आहे. पावसात ते धुऊन जातं, तेव्हा पुन्हा चोळावं लागतं. चालताना फार वेळ एका जागी उभं राहू नका आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी एकमेकांचे पाय बघा.

चिकटलीच तर ओढू नका, काडी लावू नका. तिचं निमुळतं टोक जिथे चिकटलंय तिथे कातडीला लागून नख सरकवा, ते सुटलं की दुसरं टोकही तसंच सोडवा आणि लांब टिचकवा. रक्त बराच वेळ वाहतं, कारण ते गोठू नये असा पदार्थ तिने जखमेत सोडलेला असतो. साबणाने धुऊन दाबून धरा, पट्टी लावा. नंतर काही दिवस खाज येते. रक्त पातळ होण्याची औषधं चालू असलेल्यांनी पावसाळ्यात जंगलवाटेवर जाऊच नये.

आता माकडताप. हा आजार पहिल्यांदा १९५७ मध्ये याच शिवमोग्गा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातल्या क्यासनूरच्या जंगलात ओळखला गेला, म्हणून त्याला क्यासनूर फॉरेस्ट डिसीज म्हणतात. आपल्याकडे सिंधुदुर्गात दोडामार्ग-सावंतवाडी भागातल्या लोकांना तो माहीत आहे. विषाणू गोचिडांतून पसरतो, माकडं त्याने मरतात, आणि डिसेंबर ते मे या महिन्यांत माणसांमध्ये रुग्ण जास्त आढळतात. त्या काळात जाणार असाल तर यंदा आसपास रुग्ण आहेत का हे यजमानांना आणि गावच्या आरोग्य केंद्रात विचारा. असतील तर जंगलात शिरू नका, गावात आणि रस्त्याकडेला फिरा. नसतील तरी अंगभर कपडे घाला, पाचोळ्यावर बसू नका, आडवे तर मुळीच होऊ नका. गोचिडाची पिल्लं खसखशीएवढी असतात आणि सहज दिसत नाहीत. परत आल्याबरोबर कपडे गरम पाण्यात भिजवा, साबण लावून आंघोळ करा आणि काखा, जांघा, गुडघ्याची मागची बाजू, कानामागे नीट तपासा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा.

आणि नागराज, म्हणजे किंग कोब्रा. आगुंबे ज्याच्यासाठी जगभर ओळखलं जातं तो हा साप. प्राणिशास्त्रज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांनी २००५ मध्ये इथे वर्षावन संशोधन केंद्र सुरू केलं. नागराजांना रेडिओ ट्रान्समीटर बसवून त्यांचा माग काढण्याचं काम इथे झालं. आशियाभर एकच समजल्या जाणाऱ्या नागराजाच्या चार जाती असल्याचं २०२४ मध्ये मांडलं गेलं, आणि पश्चिम घाटातल्या जातीला या भागातल्या लोकांच्या तोंडचं काळिंग हेच नाव मिळालं. उन्हाळ्यात मादी पाचोळा ओढून त्याचं घरटं करते आणि पाऊस लागला की पिल्लं बाहेर पडतात. नागराज मुख्यतः दुसरे साप खातो, त्यामुळे धामणीच्या मागे कधी वाड्यांतही येतो. इथले लोक त्याला मारत नाहीत, साप सुरक्षित हलवणाऱ्यांना बोलावतात. या गोष्टीबद्दल मला आगुंब्याच्या लोकांचा फार आदर वाटतो.

तुम्हाला तो दिसण्याची शक्यता कमीच. दिसलाच तर जागच्या जागी थांबा, हळूहळू मागे सरका. आपल्याकडे मिळणारं सर्पदंशावरचं औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांच्या विषावर बनवलेलं असतं, नागराजाच्या नाही, हे लक्षात ठेवा. 'साप दाखवतो' म्हणून सांगणाऱ्या, सापाला आकड्याने उचलून फोटो काढू देणाऱ्या माणसाबरोबर जाऊ नका. संशोधन केंद्र हे पर्यटनस्थळ नाही. आधी लिहून परवानगी मिळाली तरच तिकडे जा.

दिवस कसे घालवायचे

पहिल्या दिवशी काही ठरवू नका. दुपारी जेवून झोपा, संध्याकाळी गावातून चाला. जुनं वेणुगोपाल कृष्णाचं देऊळ बघा. १९८०च्या दशकात शंकर नाग यांनी दूरदर्शनसाठी केलेल्या 'मालगुडी डेज' मालिकेचं बरंच चित्रण या रस्त्यावर आणि इथल्या 'दोड्ड मने' या जुन्या वाड्यात झालं. तो वाडा एका कुटुंबाचं राहतं घर आहे. दारातून विचारा, आत यायला सांगितलं तरच जा, खोल्यांमधून कॅमेरा घेऊन फिरू नका.

आभाळ स्वच्छ असेल तर सूर्यास्ताची जागा गावापासून दोनेक किलोमीटरवर घाटात आहे. हिवाळ्यात तिथून लांबवर अरबी समुद्र दिसतो. माकडांना काही खायला घालू नका. या जंगलात सिंहपुच्छ वानर आहेत, आणि रस्त्यावर अन्न मिळतं हे कळलं की तेही गाड्यांखाली येतात.

दुसरा दिवस जंगलाला द्या. जोगीगुंडीचा धबधबा जवळ आहे आणि सोपा आहे. ओनके अब्बी आणि बरकणा या धबधब्यांकडे जायला वनखात्याची परवानगी लागते, ती गावातल्या कचेरीत सकाळीच विचारा. मिळत नसेल तर वाद घालू नका, आणि 'मागच्या वाटेने नेतो' म्हणणाऱ्याच्या नादी तर अजिबात लागू नका. बरकणा हा सीता नदीचा धबधबा सुमारे ८५० फूट उंच आहे. तो समोरच्या कड्यावरूनच बघायचा असतो. लांबच्या ट्रेकसाठी कर्नाटक वनखात्याच्या 'अरण्य विहार' या संकेतस्थळावर कोणत्या वाटा खुल्या आहेत ते बघून घरूनच तिकीट काढा.

यातलं काहीच झालं नाही तरी सकाळी सहाला यजमानांच्या बागेच्या टोकाला जाऊन उभे राहा. शीळकरी कस्तूराची लांबलचक शीळ, धनेशाच्या पंखांचा आवाज, शेकरूची फांद्यांवरची धावपळ हे सगळं तिथे मिळतं. ते ऐकायला परवानगी लागत नाही. पावसाळ्यात रात्री माहितगार माणसाबरोबर अंगणातल्या डबक्याभोवती फिरलात तर बेडकांच्या किती तऱ्हा आहेत ते कळेल. टॉर्च थेट त्यांच्या डोळ्यांत मारू नका, हातात घेऊ नका.

कापणीच्या दिवसांत सुपारीचं काम नक्की बघा. कोकणातल्या बागायतदारांना यात विशेष रस वाटेल. आपल्याकडे पिकलेली सुपारी उन्हात वाळवतात, इथे बहुतेक हिरवी कोवळी सुपारी सोलून, मोठ्या हंड्यात उकळून लाल करतात. उकळून उकळून उरलेल्या दाट तांबड्या पाण्याला चोगरू म्हणतात. तोच रंग पुढच्या घाण्याला लावतात. संध्याकाळी पडवीत बायका-पुरुष ओळीने बसतात, समोर पाट, त्यावर उभं पातं, आणि हात न बघता सुपारी सोलत गप्पा चालू असतात. शेजारी बसायला मिळालं तर पावसाळ्यात सुपारी कुजवून गळायला लावणाऱ्या कोळेरोगाचा विषय काढा. त्यावरचं मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण फवारायला निसरड्या पोफळीवर माणूस कसा चढतो, यंदा किती फळ गळलं, हे सगळं ते आपुलकीने सांगतात.

तिसऱ्या दिवशी बाहेर पडा, पण एकाच दिशेला. शृंगेरी २८ किलोमीटरच्या आसपास आहे. शारदेच्या देवळाशेजारचं चौदाव्या शतकातलं विद्याशंकर मंदिर आणि तुंगेतले मासे बघून, प्रसादाचं जेवण घेऊन परत यायचं. दुसरी दिशा कुंदाद्रीची: एकसंध खडकाचा डोंगर, माथ्यावर पार्श्वनाथाचं जैन मंदिर आणि पाण्याची कुंडं. वरपर्यंत रस्ता आहे, पण फार चढा आणि अरुंद. इतिहासाची आवड असेल तर तिसरी दिशा धरा: तीर्थहळ्ळीजवळचा कवलेदुर्ग. केळदीच्या नायकांचा हा किल्ला. याच घराण्याच्या राणी चेन्नम्मांनी १६८९ मध्ये जिंजीकडे निघालेल्या छत्रपती राजाराम महाराजांना आश्रय दिला आणि त्यासाठी औरंगजेबाची फौज अंगावर घेतली. मराठी माणसाने इथपर्यंत येऊन हा किल्ला चुकवू नये. जाता-येता कुप्पळ्ळीला कन्नड महाकवी कुवेंपु यांचं घर आणि मागची टेकडी बघता येते.

जेवण

घरात जे शिजेल ते जेवा. तांदळाची भाकरी म्हणजे अक्की रोट्टी, वाफवलेले कडबू, अळूच्या पानांचे पत्रोडे, पावसाळ्यात बांबूच्या कोवळ्या कोंबांची भाजी. भाताबरोबर येणारी तंबुळी ही एखाद्या पाल्याची चटणी ताकात कालवून केलेली असते, ती मागून घ्या. चहाऐवजी धने-जिऱ्याचा, गूळ-दूध घातलेला कषाय प्या. अप्पेमिडी म्हणजे अख्ख्या कोवळ्या कैऱ्यांचं लोणचं. यजमान घरचं विकत असतील तर तेच आणा, पण बरणी सॅकमध्ये नीट बांधा. त्याचा डाग कपड्यांवरून जात नाही.

परतल्यावर

प्लॅस्टिकचा कचरा, ओल्या पिशव्या, बॅटऱ्या सगळं बरोबर परत आणा, गावात त्याची वासलात लावायची सोय तुटपुंजी आहे. सॅक उन्हात उलटी करून झटका. आणि डिसेंबर ते मेमध्ये जाऊन आला असाल तर पुढचे दोन आठवडे ताप, जोराची डोकेदुखी, अंगदुखी यांवर लक्ष ठेवा. तसं काही झालं तर अंगावर काढू नका, डॉक्टरांकडे जाऊन 'शिवमोग्ग्याच्या जंगलात जाऊन आलोय' हे पहिल्या वाक्यातच सांगा.